पैसे मोजले म्हणून पोरीला झापायचा परवाना मिळतो का?

बर्डीवाली:
परवा स्पष्टवक्ता साहेबांनी इथे पोस्ट टाकली. आपल्या नागपुरातल्या बर्डीवरच्या एका शोरूममध्ये सेल्सच्या पोरीने शर्टाचा साइज आणायला वेळ लावला, म्हणून यांनी मॅनेजरला बोलावलं आणि भरगर्दीत तिला माफी मागायला लावली. वर लिहिलं, "असं केल्याशिवाय हे लोक सुधरत नाहीत." खाली टाळ्याच टाळ्या. दोन ओळीत उत्तर देणार होते, पण टाळ्या बघून डोकं फिरलं.

साहेब, शनिवारी संध्याकाळी त्या मजल्यावर एका पोरीकडे किती विभाग असतात, पाहिलंत का? साइज मागे स्टॉकमध्ये असतो. ती आत गेली की इकडे दुसरं गिऱ्हाईक "कोणी आहे का इथे?" म्हणून बोंबलतं. नाही गेली की तुम्ही बोंबलता. माणसं कमी ठेवली मालकाने, वेळ तुमचा गेला, आणि माफी मागितली कोणी? जिला यातलं काहीच ठरवता येत नाही तिने.

ती उलटून बोलू शकत नाही हे माहीत असतं, म्हणूनच आवाज चढतो. सरकारी खिडकीवर तासभर उभं ठेवतात तेव्हा हेच लोक "साहेब, जरा बघा ना" करतात. आणि माझा राग फक्त यांच्यावर नाही, शेजारी हँगर चाळत उभ्या असलेल्यांवर जास्त आहे. "भाऊ, आवाज कमी करा," एवढं बोलायला काय जातं? गिऱ्हाइकाला गिऱ्हाईकच बोलू शकतं. तिला सोय नाही.

स्पष्टवक्ता_धरमपेठ:
अर्धवट माहितीवर भाषण. मी शिवी दिली नाही, हात उगारला नाही. पोरगी मोबाइलवर होती, हे मी पोस्टमध्ये लिहिलं नव्हतं कारण तिची नोकरी जाऊ नये असं वाटलं. कष्टाचे पैसे मोजतो आम्ही. सेवा नीट मागणं गुन्हा आहे का?

तर्रीपोहा:
नोकरी जाऊ नये वाटलं अन् मॅनेजरले बोलावलं! काय दयाळू माणूस आहे बाप्पा.

बर्डीवाली:
मोबाइल परवाच्या पोस्टमध्ये नव्हता, आज उगवला. आणि बऱ्याच दुकानांत स्टॉक विचारायला ग्रुपवरच मेसेज टाकतात. तुमचाच शर्ट शोधत असेल ती.

हक्काचा_ग्राहक:
विषय निघालाच आहे तर बोलतो. बिल करताना मोबाइल नंबर कशाला पाहिजे यांना? दोन बनियन घेतल्या तरी "सर, नंबर?" नाही म्हटलं की तोंड वाकडं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे 2023 मध्ये सांगून ठेवलंय की नंबर दिल्याशिवाय बिल नाही, असं दुकानदाराने करू नये. मी काउंटरवर हे ऐकवतो, मोठ्याने ऐकवतो, आणि ऐकवत राहणार. याला उद्धटपणा म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

माजी_काउंटर:
दादा, तुम्ही ऐकवता ते मी ऐकलंय. तुमच्याकडून नसेल, तुमच्यासारख्या बऱ्याच जणांकडून. मॉलमध्ये बिलिंगला होते. नंबर टाकल्याशिवाय स्क्रीन पुढेच सरकायची नाही. त्यात नंबर गोळा करायचं टार्गेट वेगळं. सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर वाचून दाखवायचे कोणाचे किती कमी पडले. मग आम्ही काय करायचो? नऊचा आकडा दहा वेळा दाबायचो. ते पकडलं गेलं, तर स्वतःचा नंबर टाकायला लागलो. माझ्या नंबरवर अर्ध्या नागपूरची खरेदी जमा झाली आणि पॉइंट मात्र कधी वापरता आले नाहीत, कारण कर्मचाऱ्यांना बंदी!

एकदा एका काकांनी तुमचा तो 2023 चा नियम ऐकवला. मी म्हटलं, काका, बरोबर आहे तुमचं. तर म्हणाले, "बरोबर आहे तर विचारलं कशाला?" याला काय उत्तर देणार?

हक्काचा_ग्राहक:
तुमच्याबद्दल वाईट वाटलं, खरंच. पण मग तक्रार करायची कोणाकडे? मालक तर दिसत नाही. कंपनीच्या ईमेलला मशीन उत्तर देतं. समोर जो आहे त्यालाच बोलणार ना माणूस?

माजी_काउंटर:
बोला. ओरडू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, 1915. तिथे ओरडा.

तर्रीपोहा:
मी तं बापाचा नंबर देतो. बावा रोज सकाळी विचारते, "हे अंडरवेअरवाले मले काहून मेसेज करून राहिले बे?"

इतवारी_होलसेल:
नंबरवरच अडकले सगळे. मूळ गोष्टीवर दोन शब्द. आमची साडीच्या दुकानाची गद्दी आजोबांपासून. साडी दाखवणारा माणूसही बसलेला, गिऱ्हाईकही बसलेलं, मधात पांढरी चादर. माणूस बसून बोलला की आवाज चढत नाही, हा माझा अनुभव. बायका ढीगभर साड्या उघडायला लावतात, "रंग तोच पण काठ दुसरा" म्हणतात आणि काही न घेता उठतात. आमचा माणूस घड्या घालत "या पुन्हा ताई" म्हणतो. धंदा आहे, चालायचंच. पण आताची पोरं काम शिकायला तयार नाहीत, दोन महिन्यांत पळतात, हेही लिहा की कोणीतरी.

बर्डीवाली:
काका, पळतात कारण शोरूममध्ये चादर नाही आणि बसायला स्टूलही नाही. गिऱ्हाईक नसलं तरी उभं. केरळात दुकानातल्या बायकांनी बसायच्या हक्कासाठी भांडण केलं; कोळिकोडच्या पी. विजी त्यात पुढे होत्या. 2018 मध्ये तिथे तसा कायदा झाला, 2021 मध्ये तमिळनाडूने केला. एका स्टुलासाठी कायदा लागला, विचार करा.

इतवारी_होलसेल:
स्टूल ठेवायला आमची ना नाही. तुमचे कायदे मात्र मालकालाच दिसतात.

बर्डीवाली:
मालकालाही कुठे दिसतात! आपला महाराष्ट्राचा दुकानांचा कायदा 2017 ला झाला तेव्हा त्यात दिवसाला 9 तास, आठवड्याला 48 तास लिहिले होते. पण तेव्हाही 10 पेक्षा कमी माणसं असली की बहुतेक तरतुदी लागूच नव्हत्या. तुमच्याकडे किती जण आहेत, काका?

इतवारी_होलसेल:
नऊ. हसू नका.

तर्रीपोहा:
😂😂

स्पष्टवक्ता_धरमपेठ:
केरळ झालं, कायदा झाला, गद्दी झाली. माझ्या शर्टाचं कोणी बोलेना. उद्या हॉटेलात गार चहा आला तरी वेटरची क्षमा मागून प्यायचा का? माझी मुलगी पुण्यात नोकरी करते. तिलाही बॉस बोलतो. सहन करावंच लागतं.

माजी_काउंटर:
तुमच्या मुलीला बॉस चाळीस अनोळखी लोकांसमोर बोलला, आणि तिथल्या एकाने मोबाइल काढून शूटिंग केलं, तर तुम्ही "सहन कर बेटा" म्हणाल? माझं केलं होतं. आठवडाभर ग्रुपवर फिरत होतं.

स्पष्टवक्ता_धरमपेठ:
त्या वेळी कोणी शूटिंग केलं नाही.

बर्डीवाली:
मुलीचं उत्तर राहिलं.

स्पष्टवक्ता_धरमपेठ:
ठीक आहे. मॅनेजरला बाजूला घेऊन बोलायला हवं होतं. झालं समाधान? आता माझाच बडग्या, म्हणजे पुतळा, काढा यंदा मारबतीच्या मिरवणुकीत.

तर्रीपोहा:
काढू ना साहेब, शर्टाचा साइज तेवढा सांगून ठेवा.

हक्काचा_ग्राहक:
आणि बडग्याच्या कापडाचं बिल करताना नंबर मागितला तर द्यायचा नाही.