मुधोळ कुत्र्याचं पोट पाच महिने बिघडलेलं, आता दवाखान्यात हात लावू देत नाही

मलप्रभाकाठ, खानापूर

मुधोळ नर, वय ४ वर्षं. पाच महिने झाले, शी धड होत नाही. दिवसातून पाच-सहा वेळा, दर वेळी थोडी थोडी, शेंबडासारखी आव, कधी शेवटाला लाल रक्ताचा थेंब. मधेच एखाद्या दिवशी भरपूर, फिकट आणि तेलकट. वजन २२ किलोवरून १९.५ वर आलंय. भूक मात्र जबर, उलटी नाही. सकाळी जोंधळ्याची भाकरी-दूध, रात्री भात आणि कोंबडीच्या माना-कातडी, मधे बिस्किटं असं खाणं.

मेट्रोनिडाझोलचा (जुलाबावरचं प्रतिजैविक) कोर्स तीनदा झाला. दर वेळी आठवडाभर बरं, मग पुन्हा तेच. जंताची गोळी (प्राझिक्वांटेल-पायरँटेल) दोनदा दिली. आता दर आठवड्याला बी-१२चं इंजेक्शन, आणि दर पंधरा दिवसांनी गुदाजवळच्या ग्रंथी पिळतात. तेव्हा किंचाळतो. हल्ली गाडी दवाखान्याच्या बोळात वळली की लाळ गळायला लागते, शेपटीला हात लावला की गुरगुरतो. उपचार तर सोडता येत नाहीत. त्याचा त्रास कमी कसा करायचा, सांगा की.

गोठा_चिकोडी

आधी एक गोष्ट: ग्रंथींचं दुखणं वेगळं आणि पोटाचं वेगळं असं धरू नका. गुदाच्या दोन्ही बाजूंना, घड्याळात ४ आणि ८ वाजतात त्या जागी, या दोन पिशव्या असतात. घट्ट शी बाहेर पडताना त्यांच्यावर दाब येतो आणि त्या आपोआप रिकाम्या होतात. शी पातळ असली की दाबच पडत नाही, मग पिशव्या तुंबतात आणि पिळायची वेळ येते. शी घट्ट झाली की पिळणं बहुतेक वेळा थांबतं.

आता पोटाकडे. थोडी थोडी शी, आव, ताजं रक्त ही मोठ्या आतड्याची लक्षणं. वजन उतरणं आणि भरपूर तेलकट शी ही लहान आतड्याची किंवा स्वादुपिंडाची. तुमच्याकडे दोन्ही आहेत, म्हणून एकाच औषधावर भागणार नाही.

तुम्ही दिलेली जंताची गोळी चाबूककृमीवर चालत नाही. तो मोठ्या आतड्यात राहतो आणि आव-रक्त पाडतो. त्याची अंडी रोज पडत नाहीत, त्यामुळे एका नमुन्यात 'काही नाही' आलं तरी विश्वास ठेवू नका. एक दिवसाआड असे तीन नमुने द्या. सुपारीएवढी ताजी शी, माती न लागलेली, झाकणाच्या डबीत, दोन-तीन तासांत पोचवा. उशीर होणार असेल तर फ्रीजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. जिआर्डियासाठी (आतड्यातला सूक्ष्म परजीवी) झिंक सल्फेटची तपासणी करा असं स्पष्ट सांगा.

नमुने स्वच्छ आले तरी फेनबेंडाझोल हे जंताचं औषध देऊन बघतात: किलोमागे ५० मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या कुत्र्याला रोज साधारण ९७५, पाच दिवस, खाण्यातून. चाबूककृमीसाठी तीन आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी पुन्हा. आपल्याकडे गुरांची दीड ग्रॅमची गोळी सहज मिळते, पण ती अंदाजे मोडून देऊ नका. तुकडा डॉक्टरांकडून ठरवून घ्या. शेवटच्या दिवशी मागचा भाग साबणाने धुवा आणि पाण्याचं भांडं उकळत्या पाण्याने घासा, नाहीतर जिआर्डिया केसांवरून परत पोटात जातो.

रक्त एकदाच काढायचं आणि त्यातच सगळं मागायचं: प्लेटलेट (गोचिडतापासाठी), अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन), कॉर्टिसॉल (एक संप्रेरक), बी-१२ आणि स्वादुपिंडासाठी टीएलआय ही तपासणी. टीएलआयला १२ तास उपाशी ठेवावं लागतं. हा नमुना बाहेरगावी पाठवावा लागेल, म्हणून प्रयोगशाळेला आधी फोन करा. एका सुईत होणाऱ्या कामाला तीन सुया टोचून घेऊ नका.

भाकरतुकडा_बेळगाव

मेट्रोनिडाझोलने आठवडाभर बरं वाटणं म्हणजे रोग बरा होणं नव्हे. चौथ्यांदा घेण्याआधी आहार बदलून बघा. अशा जुनाट पोटदुखण्यात बऱ्याच कुत्र्यांना तेवढ्याने उतार पडतो, आणि पोटाचा फरक दोन-तीन आठवड्यांतच कळतो.

कोंबडी-भात हा त्याच्यासाठी पथ्याचा आहार नाही, कारण कोंबडी तो रोजच खातोय. प्रथिन असं निवडा जे त्याने खाल्लेलं नाही. गोव्याहून येणाऱ्या मोठ्या माशाचे तुकडे घ्या, सुरमईसारखे, ज्यांचा काटा एका हाताने निघतो. बांगडा, तारली नको: चरबी जास्त आणि काटे बारीक. सुकी मासळी तर मिठामुळे नकोच. १९.५ किलोच्या कुत्र्याला दिवसाला साफ केलेला मासा ३५० ग्रॅम, तांदूळ कच्चा २०० ग्रॅम मऊ शिजवून, एक चहाचा चमचा तेल. मीठ, हळद, कांदा, लसूण काही नाही. चार वेळा विभागून द्या. तांदूळ सहसा त्रास देत नाही, म्हणून ठेवला.

आपल्या भागात रताळ्यांचे ढीग असतात, आणि जो तो रताळं द्या म्हणतो. सुरुवातीला देऊ नका, तंतू जास्त असतो, शी पुन्हा सैल झाली तर कशामुळे ते कळणार नाही. तिसऱ्या आठवड्यापासून साधा इसबगोल एक चहाचा चमचा, पाण्यात दहा मिनिटं फुगवून, जेवणात मिसळा. त्याने शी भरीव होते आणि ग्रंथींवर दाब पडतो. फळाच्या चवीचं पाकीट घेऊ नका.

दूध, दही, बिस्किट, चवीच्या चघळायच्या गोळ्या सगळं बंद. घरातली वडीलधारी माणसं मायेने भाकरीचा तुकडा टाकतात आणि तीन आठवडे फुकट जातात. त्यांच्या हातात शिजवलेल्या माशाची डबी द्या, त्यांना द्यायचं असेल तर त्यातलंच द्यावं.

उतार पडला तर एकेक जिन्नस परत आणून बघा, आधी कातडी काढलेली कोंबडी. मासा-भातच पुढे चालवायचा ठरला तर त्यात कॅल्शियम कमी पडतं, ते डॉक्टरांकडून जोडून घ्या.

शांत_हात_निपाणी

दुखण्याबद्दल. बी-१२ला इंजेक्शनच लागतं असं नाही. १० ते २० किलोच्या कुत्र्याला रोज ५०० मायक्रोग्रॅमची गोळी, साधारण १२ आठवडे, आणि रक्तात पातळी तितकीच चढते. डॉक्टरांना विचारा, बहुतेक जण हो म्हणतील. मात्र दुकानात बी-१२ मागितलं की आपल्याकडे अल्फा लिपोइक ॲसिड घातलेली गोळी हातात पडते. ते कुत्र्याला विषारी आहे. पाकिटाच्या मागचं वाचून नुसतं बी-१२ घ्या.

ग्रंथी दर पंधरा दिवसांनी तारीख लावून पिळू नयेत. वारंवार दाबल्याने तोंडाशी सूज येते, सूज आली की त्या आणखी तुंबतात. आधी बोटाने चाचपून भरल्यात का बघायचं, भरल्या असतील तरच. बाहेरून दोन्ही बाजूंनी दाबणं जास्त दुखतं आणि पिशवी पूर्ण रिकामीही होत नाही. हातमोज्यावर भरपूर जेली लावून एक बोट आत, अंगठा बाहेर, आणि हळूहळू तोंडाच्या दिशेने सरकवत काढायचं. आता तो गुरगुरतोय म्हणजे तिथे सूज असू शकते. एकदा भूल देऊन पिशव्या धुऊन, आत मलम भरून घ्या. एका बाजूला लाल, गरम फुगा दिसला तर पू झालाय, घरी अजिबात दाबू नका.

भुलीबद्दल तुमच्या जातीसाठी खास: मुधोळसारख्या सडपातळ शिकारी कुत्र्यांना थायोपेंटोन देऊ नये. अंगात चरबी कमी, यकृतही ते औषध सावकाश मोडतं, त्यामुळे तासन् तास शुद्ध येत नाही. हे आधीच सांगा. अंग लवकर गार पडतं, म्हणून घोंगडी न्या.

दवाखान्याच्या भीतीसाठी गॅबापेंटिन हे शांत करणारं औषध विचारा. डॉक्टर साधारण किलोमागे १० ते २० मिलिग्रॅम धरतात, निघण्याआधी दोन तास. पहिला डोस घरीच, दवाखाना नसलेल्या दिवशी, म्हणजे किती झुलतो ते दिसेल. रक्त काढायचं असेल तर पायावरचे केस कापून लिडोकेन-प्रिलोकेनचं बधिर करणारं मलम लावा, वर प्लास्टिक आणि पट्टी, तासभर. चाटू देऊ नका.

मलप्रभाकाठ, खानापूर

गॅबापेंटिन माणसांचंच चालतं का? आणि सोनोग्राफी सांगितली तर कुठे न्यायचं?

शांत_हात_निपाणी

नुसत्या गॅबापेंटिनची कॅप्सूल चालते, १०० किंवा ३०० मिलिग्रॅमची. पातळ औषध नको, काहींत झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते) असतं, त्याने कुत्र्याची साखर एकदम उतरते, यकृतही बिघडतं. बी-१२ मिसळलेली कॅप्सूलही नको, हिशेब चुकतो. आणि दुखतंय म्हणून घरातलं आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, पॅरासिटामॉल काहीही देऊ नका. पहिल्या दोघांनी आतड्यात व्रण पडतात, आधीच आजारी पोटात तर लवकर.

सोनोग्राफीला निपाणीवरून महामार्गाने सरळ शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. वेळ फोनवर ठरवून, उपाशीपोटी न्या.

गोठा_चिकोडी

वजन दर रविवारी, उपाशी, एकाच काट्यावर. मुधोळच्या शेवटच्या फासळ्या आणि कमरेची हाडं निरोगी असतानाही दिसतात, त्यामुळे डोळ्यांवर जाऊ नका, आकडा लिहा. तुमची घट ११ टक्क्यांवर गेलीय, म्हणून रक्ततपासणी याच आठवड्यात. डांबरासारखी काळी शी, पांढऱ्या हिरड्या, पायांवर किंवा पोटाखाली सूज, किंवा पोट फुगून नुसत्याच कोरड्या ओकाऱ्या दिसल्या तर रात्र असली तरी तसंच उचलून न्या.