मदत हवी आहे: अकरावी आर्ट्सला विषय कोणते घ्यावेत?

नमस्कार मंडळी. लेकीला दहावीत ८४ टक्के पडलेत आणि तिला आर्ट्सलाच जायचंय. नातेवाईक नाकं मुरडतायत, ते सोडा. आम्ही राहतो नाशिकला सिडकोत, त्यामुळे पसंतीक्रमात केटीएचएम आणि एचपीटी ही इथली कॉलेजं वर टाकलीत.

अडलंय ते विषयांवर. इंग्रजी सक्तीचं, दुसरी भाषा मराठी ठरली. उरले चार. इतिहास आणि राज्यशास्त्र नक्की. पोरगी शिवनेरीपासून साल्हेरपर्यंत किल्ल्यांचे नकाशे वहीच्या मागच्या पानांवर काढत बसते, म्हणून भूगोलही हवाच असं मला वाटतं. शिवाय त्यात प्रात्यक्षिकाचे २० गुण असतात. चौथा अर्थशास्त्र की मानसशास्त्र? तिला मानसशास्त्राची ओढ आहे, पण बारावीनंतर पाच वर्षांच्या लॉसाठी सीईटी द्यायचं डोक्यात आहे आणि पुढे जमलं तर एमपीएससी. तिथे अर्थशास्त्र लागतंच, असं तिचे काका म्हणतात. (काका स्वतः कॉमर्सवाले!)

मानसशास्त्र घेतलेल्या कुणाची मुलं आहेत का इथे? वर्गात नीट शिकवतात की क्लास लावावाच लागतो? आणि नंतर विषय बदलायचा झाला, तर कॉलेज कधीपर्यंत बदलू देतं?