शेतात शिरलेले रोही (नीलगाय) कॅमेऱ्यानं ओळखाले एफपीजीए चिप घेऊ का?

धुऱ्यावरचा_पोट्टा:
दादाहो, दारव्ह्याकडे आमचं शेत हाये, तूर अन् हरभरा. रात्री रोही अन् डुकरं शिरतात, बाबा जागलीले जातात. फायनल इयरच्या प्रोजेक्टले कॅमेरा लावून भोंगा वाजवायचा ठरवलं. रास्पबेरी पाय ह्या छोट्या कॉम्प्युटरवर पायथनमधी केलं तं १०८०पी (१९२०×१०८० पिक्सेल) ले सेकंदाले चारपाचच फ्रेम भेटून राह्यल्या. सर म्हणतात एफपीजीए घे, सगळं फास्ट होते. लॅबमधी पिंक-झेड२ हा एफपीजीएवाला बोर्ड पडून हाये. यूएसबी वेबकॅमच चालन काय त्याले?

लूकअप_भाऊ:
होते, पण सरायनं अर्धंच सांगतलं. एफपीजीएमधी प्रोग्राम पळत नाही, तुझ्या कामापुरतं सर्किटच चिपमधी बनते, पिक्सेल दांडातल्या पाण्यासारखे येत राह्यतात अन् काम वाटेतच होते. ३×३ चा फिल्टर लावाले मागच्या दोन ओळी साठवल्या की भागते. पण रोही ओळखाले तुले चालू चित्रातून बॅकग्राउंड वजा करा लागन, म्हणजे रिकाम्या शेताचा अख्खा फोटो ठेवा लागन. ६४०×४८० ग्रेस्केलचा ३०० केबी, अन् त्या बोर्डच्या झिंक ७०२० चिपमधी ब्लॉक रॅम (चिपमधलीच मेमरी) ६३० केबी, बसते. १०८०पी चा २० लाख बाइटच्या वर जाते, तो चिपबाहेरच्या डीडीआर मेमरीमधी ठेव अन् मंग डीएमएची, म्हणजे मेमरीतून डेटा ने-आण करायची, झकझक करत बस. रोही काय चिमणी हाये का बाप्पा, ६४०×४८० लय झालं.
यूएसबीचं चित्र आधी त्याच चिपमधल्या एआरएम प्रोसेसरवरच्या लिनक्सकडे जाते, मंग मेमरीतून एफपीजीएच्या सर्किटकडे. त्यापेक्षा ओव्ही७६७० हा कॅमेरा मॉड्यूल घे, त्याच्या ८ डेटा लाइनी थेट पिनवर येतात. ३० फ्रेम म्हणजे सेकंदाले ९२ लाख पिक्सेल, १०० मेगाहर्ट्झवर एका पिक्सेलले १० क्लॉक भेटतात.

नागपूरकर_७४:
अरे थांबा. आधी पायवरच फ्रेम लहान करून पाहिली का? अन् पिक्सेलवर फॉर-लूप फिरवत असशील तर तेच खाऊन राहिलं, ओपनसीव्ही ह्या चित्रांच्या लायब्ररीचं तयार फंक्शन वापर. एफपीजीएचं सर्किट लिहायच्या व्हेरिलॉग भाषेत एक ओळ बदलली की परत सिंथेसिस (कोडचं सर्किट करणं), परत प्लेस अँड राउट (ते चिपवर बसवणं), तेवढ्यात चहा पिऊन भांडीही घासून होतात.

धुऱ्यावरचा_पोट्टा:
फॉर-लूपच होता दादा, काढला तं पंचवीसच्या वर गेलं. पण आता सरायले काय दाखवू, त्याहीले एफपीजीएच पाह्यजे

लूकअप_भाऊ:
दोन्ही दाखव ना, रोही दिसल्यापासून भोंगा वाजेपर्यंत पायले किती वेळ अन् बोर्डले किती. खरी कटकट वेगळीच हाये, वारा सुटला की तूर हालते अन् भोंगा रातभर बोंबलते, म्हणून वजाबाकीनंतर बारके ठिपके खोडणारा ३×३ चा इरोजन टाक. अंधारात साध्या कॅमेऱ्याले काही दिसत नाही, आयआर (इन्फ्रारेड) लाइट लागन अन् लेन्समागं आयआर अडवणारी आयआर-कट काच असन तं तेही काढा लागन. अजून एक, करंट गेला की चिपमधलं सर्किट पुसल्या जाते, बोर्डचा जंपर (पिना जोडायची बारकी टोपी) एसडी बूटवर ठेव, म्हणजे तो एसडी कार्डवरून आपोआप चालू होईन, नाही तं लाइन येईन रात्री दोनले अन् बोर्ड कोरा बसून राहीन.