एक्सेलच्या प्रश्नांना मोफत उत्तरं देण्याची व्यावसायिक नोंद कुठे होते का?

सूतगिरणी_अकाउंट्स (इचलकरंजी):

नमस्कार मंडळी. मी बी.कॉम., इथल्याच एका सूतगिरणीत अकाउंट्स बघते. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हापासून एक्सेलशी रोजची गाठ. आधी २ए, मग २बी, म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची विवरणं, आणि त्यांच्याशी आमचं खरेदी रजिस्टर जुळवायचं. अडलं की इंटरनेटवर विचारायचे. हळूहळू मीच इतरांना उत्तरं द्यायला लागले. आता मुलगी झोपली की रोज तासभर तेच चालतं. मनापासून आवडतं मला. मागे नाशिकच्या एका सीए ऑफिसातून निरोप आला की तुमच्या उत्तरामुळे आमचं अडलेलं रिटर्न वेळेत गेलं. तो निरोप मी जपून ठेवलाय.

पगारवाढीच्या वेळी साहेबांना हे सांगितलं, तर म्हणाले, "चांगलं आहे, पण ही समाजसेवा झाली, बायोडेटात काय लिहिणार?" तेव्हापासून डोक्यात घोळतंय. मायक्रोसॉफ्टचा एमव्हीपी (मोस्ट व्हॅल्युएबल प्रोफेशनल) म्हणून काही किताब असतो असं ऐकलं. त्याला परीक्षा असते का? फी किती? मी प्रोग्रामर नाही, ते चालतं का? माझी निम्मी उत्तरं मराठीत आहेत, ती धरतात का? आणि एवढं करून हाती काय लागतं?

डॅशबोर्ड_पुणे:

थोडक्यात सांगतो. परीक्षा नाही, फी नाही. स्वतःहून अर्ज करता येत नाही. आधीचा एखादा एमव्हीपी किंवा मायक्रोसॉफ्टचा पूर्णवेळ कर्मचारी तुमचं नाव सुचवतो. मग मागच्या १२ महिन्यांतलं तुमचं काम बघतात: उत्तरं, लेख, व्हिडिओ, भाषणं. किताब एका वर्षाचा, जुलैत पुन्हा पारखतात. मायक्रोसॉफ्टच्या कर्मचाऱ्यांना तो मिळत नाही, आणि मिळालेल्यांना पगार नाही. मिळतं ते असं: सॉफ्टवेअरची काही सदस्यत्वं, मायक्रोसॉफ्टच्या मुख्यालयात, रेडमंडला होणाऱ्या संमेलनाचं आमंत्रण आणि प्रॉडक्ट टीमशी थेट बोलायची सोय. त्यासाठी गोपनीयतेचा करार करावा लागतो. प्रोग्रामर असण्याची अट नाही.

परीक्षा देऊनच काही हवं असेल तर पीएल-३०० आहे, पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या अहवाल-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरची. पण ती वेगळी गोष्ट. ती तुम्हाला काय येतं ते सांगते, तुम्ही कुणाला काय दिलं ते नाही.

फॉक्सप्रो_काका (सांगली):

ताई, मी साखर कारखान्यात ईडीपीला, म्हणजे संगणक विभागात होतो. उसाची बिलं, वाहतुकीची बिलं, सगळं फॉक्सप्रो या डेटाबेस सॉफ्टवेअरवर. म्हणून या किताबाचं मूळ सांगायला मला फार आनंद होतो, कारण ते फॉक्सप्रोतच आहे. ते बनवणारी फॉक्स सॉफ्टवेअर ही कंपनी मायक्रोसॉफ्टनं १९९२ मध्ये घेतली. तेव्हा लोक कॉम्प्युसर्व्ह नावाच्या डायल-अप सेवेवर प्रश्न विचारायचे. तिथे कॅल्विन शिया नावाचा एक प्रोग्रामर कोण किती लिहितो त्याची यादी काढायचा. 'कॅल्विनची यादी' म्हणायचे तिला. त्या यादीतल्या माणसांकडे मायक्रोसॉफ्टचं लक्ष गेलं आणि १९९३ मध्ये एमव्हीपी सुरू झाला. १९९९ मध्ये कंपनीनं तो गुंडाळायचं ठरवलं, तर एवढी ओरड झाली की काही दिवसांतच निर्णय फिरवावा लागला. म्हणजे हा मान जन्मापासूनच तुमच्यासारख्यांचा आहे: कंपनीच्या पगारावर नसताना दुसऱ्याचं अडलेलं सोडवणाऱ्यांचा. तुमच्या साहेबांनी समाजसेवा म्हटलं ते कौतुकानं म्हटलं असेल, पण माझ्या मते ते तुमच्या कामाला कमी लेखणं आहे.

ओळखीच्या एका एमव्हीपींच्या घरी मी तो काचेचा चषक हातात घेऊन बघितलाय. किताब टिकला की त्या वर्षाची एक काचेची चकती येते, त्यावर साल कोरलेलं. ती चषकावर बसवायची.

आता कामाचं बोलतो. कुठली मदत मोजली जाते आणि कुठली नाही, हे नीट समजून घ्या. एक प्रश्न सांगतो. पगाराची यादी, १६ अंकी बँक खाती, मजकूर म्हणून साठवलेली. दोन खात्यांचा फक्त शेवटचा अंक वेगळा, तरी काउंटइफ (एखादी नोंद किती वेळा आली ते मोजणारं सूत्र) दोन्ही एकच आहेत म्हणून दाखवतं. विचारणाऱ्या बाई रडकुंडीला आलेल्या, दुसऱ्या दिवशी पगार करायचा होता. कारण असं की एक्सेल आकडा १५ अंकांपर्यंतच अचूक धरतं. खातं मजकूर म्हणून ठेवलं तरी काउंटइफ ते आकडा समजूनच मोजतं, सोळावा अंक हरवतो आणि दोन माणसांची खाती एक होतात. उपाय सोपा. निकषाला शेवटी अँड-चिन्हानं (&) अवतरणातली फुली, म्हणजे "*", जोडायची, की तुलना मजकुराची होते. सगळी खाती सारख्या लांबीची असली की झालं.

"फुली जोडा" एवढं लिहिलं तर त्या बाईंचा पगार निघाला. पण कारण लिहिलं, चार ओळींचा नमुना जोडला, हे कुठे चालणार नाही तेही सांगितलं, आणि शीर्षक विचारणारा जसं शोधेल तसं दिलं, तर पुढे ज्याला अडेल त्याला ते आपोआप सापडतं. बाहेरच्याला हीच मदत दिसते. सीएंच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिलेलं उत्तर कितीही मोलाचं असो, दोन दिवसांत वर सरकून जातं. शेजारच्या टेबलावर जाऊन शिकवलेलं तर कुणालाच दिसत नाही. मला हे अन्यायाचं वाटतं, कारण कारखान्यातल्या पोरांना मी जे शिकवलं ते सगळं त्याच प्रकारातलं. पण पद्धत तशी आहे. म्हणून ग्रुपवर चांगलं उत्तर दिलंत की तेच रात्री उघड्या जागेवर नीट लिहून टाका.

मराठीची काळजी करू नका. जपान, कोरिया, ब्राझीलमधले कितीतरी एमव्हीपी आपापल्या भाषेतच लिहितात, बोलतात. उलट मराठीत एक्सेल समजावणारे कमी आहेत. तालुक्याच्या गावातल्या अकाउंटंटला तुमची भाषा लगेच कळते.

एक जपा. नमुन्यात खऱ्या पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक टाकू नका. त्या १५ अक्षरांत पहिली दोन राज्याची, पुढची १० म्हणजे त्याचा पॅन. गिरणीचा डेटा बाहेर गेला तर किताब राहिला बाजूला, नोकरीवर येईल. नावं, क्रमांक, रकमा सगळं बनावट घ्या.

आणि महिन्याच्या शेवटी एका शीटमध्ये नोंद ठेवा: तारीख, विषय, दुवा, कुणी काय कळवलं. नाशिकचा निरोप पहिल्या ओळीत. नाव सुचवणारा भेटेल तेव्हा तो हेच मागेल.

मुक्काम_बेलव्ह्यू:

ताई, मी इकडे अमेरिकेत सॉफ्टवेअरमध्ये आहे, माणसं निवडायच्या मुलाखती घेतो. काकांशी पूर्ण सहमत, एकच भर. किताब नसला तरी हे काम वाया जात नाही. बायोडेटात "एक्सेलमध्ये पारंगत" सगळेच लिहितात, मी तिकडे बघतही नाही. पण दोन उत्तरांचे दुवे दिलेले असले तर ते उघडून वाचतो. समोरच्याचा गोंधळ कसा ओळखला, उलट प्रश्न काय विचारला, तुमच्याकडे एक्सेलची कोणती आवृत्ती आहे हे आधी विचारलं का. यादीतून माहिती शोधून आणणारं एक्सलुकअप हे सूत्र एक्सेल २०१९ मध्ये चालत नाही, हे लक्षात ठेवून जुन्या इंडेक्स-मॅचचा पर्याय देणारा माणूस मला हवा असतो.

फक्त गुणांच्या मागे लागू नका. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर उत्तराला एक मत म्हणजे १० गुण, उत्तर स्वीकारलं तर १५, आणि मतांमधून दिवसाला २०० च्या वर गुण मिळत नाहीत. मीही ते वर्षानुवर्षं जमवले. पण त्यांचा नोकऱ्यांचा विभाग २०२२ मध्ये बंद झाला आणि गुण थेट नोकरी देणाऱ्यासमोर ठेवायची ती सोय गेली. आता लोक एआयला विचारतात, साधे प्रश्न तिथेच संपतात. उरतात ते अवघड, जिथे माणसाला जीएसटीही कळावा लागतो आणि एक्सेलही. तुम्ही नेमक्या तिथे आहात.

सूतगिरणी_अकाउंट्स:

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचं उत्तर मी आमच्या साहेबांना वाचायला देणार आहे. शीट आजच केली, नाशिकचा निरोप पहिल्या ओळीत आहे. पहिला नीट लेख कशावर लिहू? बिल क्रमांक जुळत नाहीत हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतोच: पोर्टलवर ००१२३, रजिस्टरला नुसतं १२३.

फॉक्सप्रो_काका (सांगली):

अगदी तोच घ्या. त्यात १२-५ असं बिल टाकलं की एक्सेल त्याची तारीख करून टाकतं, तेही घाला; बिलं टाकण्याआधी रकाना टेक्स्ट करायचा, नंतर केला तर मूळ क्रमांक परत येत नाही, हे ठळक लिहा. बिल क्रमांक जास्तीत जास्त १६ अक्षरांचा असतो हा नियमही सांगा, लोकांना ठाऊक नसतं. मराठीतच लिहा. टाकायच्या आधी मला पाठवा, मी जुन्या एक्सेल २०१० वर सूत्रं चालवून बघतो. आमच्या कारखान्यात अजून तेच आहे.