सातवीसाठी प्रकल्प: थर्माकोलच्या पलीकडे नेमकं काय आणि कसं करायचं?

सातवी_अ

नमस्कार मंडळी. जिल्हा परिषदेची शाळा, सातवीचा वर्ग, 34 मुलं. प्रकल्प म्हटलं की थर्माकोलचा ज्वालामुखी, नाहीतर दुकानातून आणलेली चित्रं चिकटवलेली फाइल. त्यातलं निम्मं काम घरच्यांचं असतं. या वर्षी एकच प्रकल्प घ्यायचा, पण मुलांच्या हातून होईल असा, असा विचार आहे.

धडा शिकवून मिळत नाही असं प्रकल्पातून मुलांना नेमकं काय मिळतं? पोर्शन मागे न पडता तास कसे बसवायचे? गटात एकच जण राबतो, त्याचं काय करायचं? गुण कसे द्यायचे? खर्च जवळपास शून्य हवा. एखादा प्रकल्प पहिल्यापासून शेवटपर्यंत उलगडून सांगितलात तर फार बरं होईल.

पाऊसपाणी

ताई, पावसाळ्यात हाताशी असलेला विषय घ्या: शाळेच्या छतावरून किती पाणी वाहून जातं आणि त्यातलं किती साठवणं परवडेल? उत्तर कुठल्याही पुस्तकात नाही, गाइडमध्ये नाही, घरच्यांनाही माहीत नाही. मुलांनी मोजल्याशिवाय ते मिळणारच नाही. फाइल आणि प्रकल्प यांतला खरा फरक इथे आहे. हिवरे बाजारमध्ये पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावरून गाव पिकं ठरवतं. तोच हिशेब शाळेपुरता करायचा.

सुरुवात पर्जन्यमापकाने करू नका, एका चौकोनाने करा. ‘20 मिलिमीटर पाऊस झाला’ म्हणजे काय, हे बहुतेक मुलांना (आणि बऱ्याच मोठ्यांना) नीट कळलेलं नसतं. व्हरांड्यात आतून 1 मीटर बाय 1 मीटर असा विटांचा चौकोन मांडा. साधारण 18 विटा लागतात. त्यावर दीड मीटरचा प्लास्टिक कागद कोपऱ्यांत नीट दाबून बसवा आणि मोजून 10 लिटर पाणी ओता. पट्टीने चारही कोपऱ्यांत खोली मोजा. फरशीला उतार असतोच, म्हणून एका कोपऱ्यात 6 मिलिमीटर आणि दुसऱ्यात 14 येतील. चारांची सरासरी काढली की 10 च्या आसपास येते. एखादा कोपरा कोरडाच राहिला तर सरासरी चुकते. मग आणखी 10 लिटर ओता आणि 20 ची अपेक्षा धरा. एका चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी, हे मुलांना इथे डोळ्यांनी दिसतं. पुढचा सगळा हिशेब यावर उभा आहे, त्यामुळे या तासाला घाई नको.

आता पर्जन्यमापक. 2 लिटरची बाटली, तिच्या तोंडात 10 सेंटिमीटर तोंडाचं नरसाळं, आणि बाटली कलंडू नये म्हणून चारी बाजूंनी विटा. नरसाळ्याची कड जमिनीपासून 30 सेंटिमीटर वर आणि आडवी सपाट हवी. कड खाली असली की जमिनीवरचे शिंतोडे आत जातात. नरसाळं उथळ असेल तर थेंब आपटून बाहेर उडतात. त्यासाठी कडेला बाटलीच्या प्लास्टिकची 5 सेंटिमीटर उंच पट्टी उभी चिकटवा. भिंत किंवा झाड 4 मीटर उंच असेल तर मापक निदान 8 मीटर दूर ठेवा.

वर्तुळाच्या क्षेत्रफळाचं सूत्र शिकवलेलं नसलं तरी अडत नाही. नरसाळं आलेख कागदावर पालथं ठेवून आतल्या कडेने रेघ मारायची आणि चौकटी मोजायच्या. 78 ते 79 चौरस सेंटिमीटर येतात. म्हणजे 1 मिलिमीटर पावसाला बाटलीत सुमारे 7.85 मिलिलिटर पाणी. बाटलीतलं पाणी 20 मिलिलिटरच्या सिरिंजने किंवा औषधाच्या मापाने मोजा. 157 मिलिलिटर निघालं तर पाऊस 20 मिलिमीटर.

हमखास होणाऱ्या चुका दोन. पहिली, मुलं बाटलीवर पट्टी चिकटवून पाण्याची उंची वाचतात. बाटलीची रुंदी आणि नरसाळ्याची रुंदी वेगळी, शिवाय बाटलीचं बूड खळग्यांचं, त्यामुळे तो आकडा निरुपयोगी. दुसरी चूक व्यासाची. 10 ऐवजी 10.5 सेंटिमीटर धरला की क्षेत्रफळ 10 टक्क्यांनी वाढतं आणि पाऊस सुमारे 9 टक्क्यांनी कमी दिसतो.

पहिला आठवडा सगळ्या गटांचे मापक मैदानात एकाच जागी, शेजारी शेजारी ठेवा. सात गटांचे आकडे 18 ते 20 आणि आठव्याचा 12 आला की वर्गात जी चर्चा होते तीच या प्रकल्पाची कमाई. मापक कललाय का? बाटली गळतेय का? मोजताना सांडलं का? ‘आमचं चुकलं’ इथून ‘का चुकलं ते शोधू’ इथपर्यंत मुलं या आठवड्यात येतात. तुम्ही विचारलंत की धड्यातून न मिळणारं काय मिळतं, त्याचं माझं उत्तर हे आहे. पुस्तकातल्या गणिताला मागच्या पानावर उत्तर असतं. इथे आकडा बरोबर आहे हे मुलांना स्वतः पटवून द्यावं लागतं.

नोंद रोज एकाच वेळी करा. हवामान खातं सकाळी 8.30 ला घेतं. शाळा उशिरा भरत असेल तर भरल्या भरल्या घ्या, पण वेळ बदलू नका. रविवार चुकला तर सोमवारचा आकडा ‘दोन दिवसांचा’ असं लिहा, दोनाने भागू नका. कृषी विभागाच्या ‘महारेन’ संकेतस्थळावर महसूल मंडळानुसार (मंडळ म्हणजे काही गावांचा गट) पाऊस मिळतो, तो शेजारच्या रकान्यात मांडा. दोन्ही आकडे जुळणार नाहीत, कारण एकाच मंडळात एका शिवारात पडतो आणि दुसऱ्यात नाही. यावर गावातल्या शेतकऱ्यांना वर्गात बोलवा. त्यांच्याकडे सांगण्यासारखं भरपूर असतं.

खडूफळा

वरचा आराखडा उत्तम आहे, पण एक धोक्याची सूचना. ‘मुलं करता करता सगळं शिकतील’ यावर विसंबू नका. ज्याला दशांश अपूर्णांकाचा भागाकार येत नाही, तो 157 ला 7.85 ने भागताना अडतो आणि गटातल्या हुशार मुलाकडे वही सरकवतो. एकजण राबतो ते आळसामुळे कमी आणि या कारणाने जास्त. म्हणून दशांश भागाकार, एकक बदल आणि सरासरी हे आधी दोन-तीन तास सरळ फळ्यावर शिकवा, सराव घ्या आणि मगच बाहेर पडा. वाचन-लेखनात मागे असलेल्यांची भरपाईही प्रकल्पातून होत नाही. तिला वेगळा वेळ द्या.

तासांचं म्हणाल तर आठवड्याला 3 प्रमाणे सहा आठवडे, एकूण 18. हे जादा तास नाहीत. सरासरी आणि जोडस्तंभालेख सातवीच्या गणितात आहेतच, म्हणून 7 तास गणिताचे. 5 विज्ञान-भूगोलाचे, 3 मराठीचे (शेवटचं पत्र आणि अहवाल), 3 कार्यानुभवाचे. जे घटक प्रकल्पात झाले ते पुन्हा शिकवायचे नाहीत. तेच पुन्हा शिकवलं तर पोर्शन मागे पडणारच. जुलैच्या पहिल्या आठवड्यात सुरू केलंत तर 15 ऑगस्टच्या सुमारास संपतं.

34 मुलांचे आठ गट होतात: सहा गट चारांचे, दोन गट पाचांचे. गट तुम्हीच पाडा. मुलांवर सोडलं की हुशार एकीकडे आणि मुली वेगळ्या अशी विभागणी होते. कामं चार: मोजणे, नोंदणे, ताडून पाहणे, साहित्य सांभाळणे. दर सोमवारी कामं फिरवा. हे फिरवणं चुकवू नका, नाहीतर सुंदर अक्षराची मुलगी सहा आठवडे नुसती लिहीत राहते आणि तिच्या हातात सिरिंज कधीच येत नाही. पाचव्याने मोजणाऱ्याचं माप पुन्हा घ्यायचं.

गुणांसाठी नवं काही उभं करायला नको. आकारिक (म्हणजे वर्षभर चालणाऱ्या) मूल्यमापनाच्या साधनांत प्रकल्प आणि उपक्रम आहेतच. 20 गुण धरले तर 6 प्रत्येकाच्या स्वतःच्या वहीला, 6 तोंडी प्रश्नांना, 5 गटाच्या तक्त्याला आणि फक्त 3 सादरीकरणाला. सादरीकरणाला जास्त गुण ठेवले की स्केचपेन आणि चमकीचे कागद परत येतात. 12 गुण वैयक्तिक असल्यामुळे गटाच्या आडोशाला कुणी लपत नाही.

तोंडी एकच प्रश्न विचारला तरी पुरतो: नरसाळं 10 ऐवजी 20 सेंटिमीटर तोंडाचं घेतलं तर बाटलीत पाणी किती जमेल आणि पाऊस किती मिलिमीटर येईल? पाणी चौपट, पाऊस तितकाच. ज्याने नुसतं उतरवून घेतलंय तो ‘दोन्ही दुप्पट’ म्हणतो. ज्याला समजलंय तोही आधी अडखळतो, पण त्या विटांच्या चौकोनावरून विचार करून उत्तरापर्यंत पोचतो. अडखळण्याचे गुण कापू नका.

विहीरकाठ

पाऊसपाणी यांनी छतापर्यंत आणून सोडलंय, पुढचा हिशेब मांडतो.

दोन खोल्यांचं छत 12 बाय 6 मीटर धरलं तर 72 चौरस मीटर. 20 मिलिमीटर पावसात त्यावर 1,440 लिटर पाणी पडतं. सगळं हाती लागत नाही. स्लॅब काही पाणी पितो, काही उडतं, काही वाळतं. 0.8 ने गुणा, 1,152 लिटर उरतं. हा 0.8 मुलांना फळ्यावर लिहून देऊ नका. हलक्या पावसात खाली येणाऱ्या नळाखाली पिंप ठेवून किती भरलं ते मोजू द्या. 2 मिलिमीटर पावसाला 72 चौरस मीटरवर 144 लिटर, म्हणजे 200 लिटरच्या पिंपात मावतं. इतक्या हलक्या पावसात गुणक 0.8 पेक्षा बराच कमी येईल, कारण पहिलं पाणी कोरडा स्लॅबच पितो. ‘मग मोठ्या पावसात किती?’ हा पुढचा प्रश्न मुलंच विचारतात. छताला नळ दोन असतील तर पिंपंही दोन लागतील, हे मात्र सहज विसरलं जातं.

मुख्य भाग टाकीचा. प्रत्येक दिवसाला एक ओळ आणि पाच रकाने: कालची शिल्लक, आज आलेलं पाणी, आजचा वापर, आजची शिल्लक, वाहून गेलेलं. शिल्लक टाकीपेक्षा जास्त झाली तर टाकीइतकीच लिहायची आणि उरलेलं शेवटच्या रकान्यात. शिल्लक शून्याखाली गेली तर शून्य लिहून शेजारी लाल पेनाने तूट. एकाच पावसावर हा तक्ता 500, 1,000 आणि 2,000 लिटरच्या टाकीसाठी तीन गटांना करायला द्या.

वापर रोज 150 लिटर असेल तर 1,000 लिटरची टाकी पाऊस नसताना साडेसहा दिवस पुरते. संततधारेच्या आठवड्यात मोठ्या टाकीचा काहीच उपयोग नाही, कारण लहान टाकीही भरलेलीच असते. फरक पडतो तो उघडिपीत. लांब उघडीप आली की 2,000 लिटरचीही तळ गाठते. ‘जितकी मोठी तितकी चांगली’ म्हणणारी मुलं इथे थबकतात आणि मग किमती विचारायला लागतात. शेवटचं पत्र शाळा व्यवस्थापन समितीला याच तक्त्यासह जाऊ द्या. आकड्यांनिशी आलेल्या मागणीला मोठी माणसं नीट उत्तर देतात, हे बाराव्या वर्षी कळणं फार मोलाचं आहे.

पहिल्या पावसाचं पाणी टाकीत घेऊ नका. छतावरची धूळ आणि पक्ष्यांची घाण त्यात येते. पहिला 1 मिलिमीटर सोडायचा म्हटलं तरी 72 लिटर होतात. 10 सेंटिमीटर व्यासाच्या पाइपमध्ये मीटरला जेमतेम 8 लिटर मावतं, म्हणजे 9 मीटर उभा पाइप लागेल. त्यापेक्षा एक वेगळं पिंप सोपं. टाकीत साठलेलं पाणी हात धुणं, स्वच्छतागृह आणि झाडांसाठीच वापरायचं, पिण्यासाठी नाही, हे मुलांच्या अहवालात ठळक यायला हवं.

सातवी_अ

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन शंका. आमच्या एका इमारतीला उतरते पत्रे आहेत. वर चढवणं शक्य नाही, मग छत मोजायचं कसं? आणि रोजचा वापर मुलांनी कसा काढायचा? विचारलं तर प्रत्येकजण वेगळाच आकडा सांगतो.

पाऊसपाणी

छतावर कुणालाही चढवायचं नाहीच, आणि गरजही नाही. पत्र्याची लांबी उपयोगाची नाही, पत्रा जमिनीवर किती जागा झाकतो ती हवी. 30 अंश उताराचा 7 मीटर पत्रा खाली 6.06 मीटरच झाकतो. पत्रा मोजला तर पाणी 15 टक्क्यांनी फुगवून निघेल. वळचणीखाली पागोळ्यांनी जमिनीत खळग्यांची रेघ पाडलेली असते. या बाजूच्या रेघेपासून त्या बाजूच्या रेघेपर्यंत टेप धरा, झाली रुंदी. लांबीसुद्धा जमिनीवरच मोजा. पत्र्यावरून स्लॅबपेक्षा जास्त पाणी येतं, 0.9 च्या आसपास, पण पन्हळ गळकी असेल तर तेही हाती लागत नाही.

वापर विचारून नाही, मोजून काढायचा. टाकीच्या नळाला एक दिवस कुलूप लावा आणि सगळं पाणी 15 लिटरच्या बादलीनेच द्या. बादलीगणिक फळ्यावर एक रेघ, पाच रेघांचा एक जुडगा. एक दिवस पुरत नाही. शनिवारची अर्धी शाळा, खेळाच्या तासाचा दिवस आणि साधा दिवस असे निदान तीन दिवस मोजा आणि सरासरी काढा. बादली काठोकाठ भरली जात नाही, म्हणून आत 15 लिटरची खूण रंगाने करून घ्या. खूण करताना लिटरच्या मापाने पंधरा वेळा पाणी ओतायचं. बादलीवर छापलेल्या आकड्यावर जाऊ नका, तो बहुधा काठापर्यंतचा असतो.