चिपमंकच्या किटवरून एचटी-२ अचूक घडवता येईल का?

रंकाळाकाठ

सप्रेम नमस्कार. गेली आठ वर्षे मी भारतीय हवाई दलाने वापरलेल्या पंख्याच्या विमानांचे छोटे नमुने १/४८ प्रमाणात बांधत आहे. माझ्या फळीवर हरिकेन, स्पिटफायर, टेम्पेस्ट आणि हार्वर्ड उभी आहेत. ज्याची जागा पहिल्या दिवसापासून राखून ठेवली आहे ते एचटी-२ मात्र अजून झालेले नाही. भारतात आरेखन होऊन उत्पादनात गेलेले हे पहिले विमान. ज्यांच्या नेतृत्वाखाली बंगळूरला त्याचे आरेखन झाले, ते डॉ. वि. मा. घाटगे आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचंपूचे. जर्मनीत गॉटिंगेनला वायुगतिशास्त्रज्ञ प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली आणि पुढे हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये हे शिकाऊ वैमानिकांचे विमान उभे केले. कोल्हापुरातल्या संग्रहात तेच नसावे, हे मला फार दिवस खटकत आहे.

अडचण अशी की माझ्या पाहण्यात या प्रमाणातले एचटी-२ चे किट आलेले नाही. त्यामुळे एअरफिक्स कंपनीचे चिपमंक या दुसऱ्या शिकाऊ विमानाचे १/४८ किट आणून त्यावर काम करावे असा विचार केला. दोन्ही विमाने खालच्या पंखाची, एकामागे एक दोन आसनांची, स्थिर चाकांची आणि शेपटीला लहान चाक असलेली आहेत. एका जुन्या मासिकातला एचटी-२ चा त्रिदर्शी (समोरून, बाजूने आणि वरून दाखवणारा) आराखडा मी दुकानातून १/४८ प्रमाणात छापून आणला आणि त्यावर चिपमंकचे पंख ठेवून पाहिले, तर दोन्हींची टोके अगदी जुळली. दोन्हीकडे २१८ मिलिमीटर! तरीही छायाचित्रात एचटी-२ चे नाक आणि शेपूट चिपमंकपेक्षा वेगळे दिसते. तेव्हा केवळ नाक, काचेचे छत आणि शेपूट बदलून हे काम अचूक होईल, की मुळातच मी चुकीच्या वाटेवर आहे? ज्यांनी असे रूपांतर केले असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

पॅटर्नशॉप, उद्यमनगर

नमस्कार. माझी उमर फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ज्यावरून ओतकामाचा साचा घेतात ते लाकडी नमुने, करण्यात गेली आणि विमानांचे नमुने मी काम थांबवल्यानंतर करू लागलो, म्हणून विमानाआधी मापाविषयी बोलतो. तुमची टोके जुळली याचा तुम्हाला आनंद झाला असेल, पण मला तिथेच शंका आली.

एचटी-२ च्या पंखांचा प्रसिद्ध विस्तार १०.७२ मीटर आहे. त्याला ४८ ने भागले तर २२३.३ मिलिमीटर येतात. तुमच्या कागदावर २१८ भरतात, मग उरलेले पाच मिलिमीटर गेले कुठे? छापणाऱ्याने आराखडा पानात बसवण्यासाठी तो दोन-अडीच टक्क्यांनी लहान केला असावा, असे मला वाटते. छपाईयंत्र हे काम न सांगता करते. चिपमंकचा विस्तार १०.४६ मीटर, म्हणजे १/४८ मध्ये बरोबर २१८. आकसलेला एचटी-२ आणि पुऱ्या मापाचे चिपमंक योगायोगाने एका रेषेत आले, एवढेच. खात्री हवी असेल तर आता लांबी मोजा. एचटी-२ ची लांबी ७.५३ मीटर आहे, म्हणजे कागदावर १५७ यायला हव्यात. त्याऐवजी १५३ च्या आसपास आल्या तर दोष छपाईचाच समजा. चिपमंक लांबीला ७.७५ मीटर, म्हणजे नमुन्यात १६१ हून थोडे अधिक आहे. थोडक्यात, एचटी-२ पंखांत चिपमंकपेक्षा सव्वापाच मिलिमीटर मोठे आणि अंगात साडेचार मिलिमीटर आखूड आहे. हा फरक नाक बदलून भरून निघणारा नाही, कारण त्याने विमानाची सगळी ठेवणच बदलते.

आमच्या धंद्यात यासाठी पट्टीच वेगळी असते. ओतीव लोखंड थंड होताना शंभरास साधारण एक या हिशेबाने आकसते, म्हणून पॅटर्नच्या पट्टीवरचे शंभर हे प्रत्यक्षात एकशे एक असतात. नव्या मुलाने चुकून साधी पट्टी उचलली की पॅटर्न डोळ्यांना उत्तम दिसतो आणि पाच दिवसांनी वर्कशॉपमधून ओतकाम परत येते. मीही उमेदवारीच्या काळात एक पंपाची बॉडी अशी वाया घालवली होती, त्या दिवसापासून कोणत्याही कागदावर व्हर्नियर (बारीक माप घेण्याचे साधन) लावल्याशिवाय लाकडाला हात लावत नाही. तुम्हीही यापुढे आराखडा छापताना त्यावर आडवी आणि उभी अशा शंभर मिलिमीटरच्या दोन रेघा आधी काढून ठेवा, कारण काही यंत्रे एकाच दिशेला ओढतात.

माझा सल्ला असा की धड सागवानात नव्याने कोरा. जुन्या, वाळलेल्या चौकटीचा तुकडा मिळाला तर फारच चांगले. दोन फळ्या मधे वर्तमानपत्राचा कागद घालून सरसाने चिकटवा, त्यावर बाजूची आणि वरची बाह्यरेषा उतरवा आणि पटाशीने कोरून पूर्ण करा. काम झाल्यावर सांध्यात पातळ पाते घालून हलकेच ठोकले की कागद फाटून दोन सारखे अर्धे मोकळे होतात. मधली रेघ आपोआप सरळ मिळते. कोरताना डोळ्यांवर विसंबू नका. आराखड्यातल्या प्रत्येक छेदासाठी पातळ पत्र्याचे गेज, म्हणजे त्या छेदाच्या आकाराची खाच असलेले तुकडे, कापा आणि ते लाकडावर बसवून मागे दिवा धरा. गेज कडांवर टेकून मधे उजेड दिसला तर कडांचे लाकूड अजून जास्त आहे. मधे टेकून कडांना उजेड दिसला तर मधले उतरवा. उजेडाची रेघ केसाएवढी होऊन सगळीकडे सारखी झाली की थांबा. पुढे एक घास जास्त घेतला की ते लाकूड परत येत नाही. या लाकडावरून सिलिकॉनचा साचा करून रेझिनमध्ये पोकळ अर्धे ओता. मात्र तुमचे रेझिन किती आकसते हे शंभर मिलिमीटरची पट्टी ओतून, दोन दिवसांनी मोजून आधी ठरवा.

राजारामपुरी १/४८

वरच्या उत्तरातले मापाचे सगळे मान्य आहे. माझा मतभेद एवढाच की चिपमंकचे किट पूर्ण निरुपयोगी नाही. मात्र त्याआधी तुम्ही कोणत्या काळाचे एचटी-२ करणार हे ठरवायला हवे, कारण या विमानाचे नाक तीन अवस्थांतून गेले आहे.

ऑगस्ट १९५१ मध्ये पहिला नमुना उडाला तेव्हा त्याला जिप्सी मेजर १० इंजिन होते, म्हणजे चिपमंकच्याच घराण्यातले. उत्पादनात १५५ अश्वशक्तीचे सिरस मेजर ३ आले. ही दोन्ही चार सिलिंडरची, उलटी टांगलेली इंजिने आहेत. सिलिंडर खाली लोंबतात, त्यामुळे पंख्याचा दांडा नाकाच्या वरच्या बाजूला येतो आणि समोरून पाहिले तर नाक अरुंद व उंच दिसते. बऱ्याच वर्षांनी हवाई दलाच्या विमानांना लायकॉमिंग इंजिने बसवली. त्यांत सिलिंडर दोन्ही बाजूंना आडवे असतात, म्हणून नाक रुंद होते. चिपमंकच्या किटमधला पंखा या शेवटच्या विमानाला कधीही लावू नका. वैमानिकाच्या जागेवरून पाहिले तर जिप्सी मेजरचा पंखा डावीकडे फिरतो आणि लायकॉमिंगचा उजवीकडे, म्हणजे पात्यांचा पीळच उलटा आहे. प्रदर्शनात मी नमुना हातात घेतला की सर्वांत आधी हाच पीळ पाहतो, कारण नव्वद तास रंगकाम केलेले विमान इथे एका क्षणात चूक ठरते. १९५१ चा पहिला नमुना करणार असाल तर किटमधले नाक आणि पंखा दोन्ही आधाराला घेता येतील, अर्थात छायाचित्राशी ताडूनच.

पंखांविषयी एक गोष्ट राहिली. चिपमंकच्या पंखाचा मुख्य तुळईमागचा भाग कापडाने मढवलेला असतो आणि किटवर त्या कापडाचा पोत दाखवलेला आहे. एचटी-२ धातूचे आहे. तेव्हा तो पंख लांब करून वापरायचा म्हटले तरी सगळा पोत घासून काढावा लागेल आणि पत्र्यांचे सांधे नव्याने कोरावे लागतील. एवढ्या श्रमात प्लॅस्टिकच्या शीटचा नवा पंख होतो. सांधे कोरताना हात हलका ठेवा. अर्ध्या मिलिमीटरची चर म्हणजे खऱ्या विमानावर २४ मिलिमीटरची फट, तिच्यात बोट जाईल.

चिन्हांविषयीही आत्ताच सांगतो. स्वातंत्र्यानंतर काही काळ आपल्या विमानांवर चक्राचे गोल चिन्ह होते, आणि टेम्पेस्ट-स्पिटफायरवर ते फार शोभते, पण १९५० मध्ये ते गेले. एचटी-२ त्यानंतरचे, म्हणून त्यावर बाहेर केशरी, मधे पांढरा आणि आत हिरवा असेच वर्तुळ हवे.

रंकाळाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री लांबी मोजली. काका, तुम्ही सांगितले तसेच झाले, बरोबर १५३ मिलिमीटर. गेले तीन महिने मी त्या कागदावर विश्वास ठेवून चिपमंकचे पंख कापायला निघालो होतो, हे आठवून अंगावर काटा आला. आता आराखडा नव्याने छापला आहे, आडव्या-उभ्या रेघा टाकून आणि समोर उभे राहून.

ठरवले ते असे: सिरस मेजरचे नाक असलेले, हवाई दलाच्या शिकाऊ तुकडीतले विमान करायचे. तेच सर्वांत जास्त मुलांना उडायला शिकवणारे रूप आहे. चिपमंकचे किट आहे तसेच बांधून शेजारी ठेवीन, म्हणजे पाहणाऱ्याला दोन्हींतला फरक आपसूक दिसेल. माझी एकच शंका उरली आहे. काचेचे लांब छत लाकडावरून कसे काढावे? आणि आता पावसाळा तोंडावर आहे, मागच्या जुलैत हार्वर्डवर मारलेला लॅकर पांढुरका पडला होता.

पॅटर्नशॉप, उद्यमनगर

छतासाठी लाकडाचा वेगळा ठोकळा करा आणि तो चहूबाजूंनी प्लॅस्टिकच्या जाडीएवढा लहान ठेवा. मिठाईच्या पारदर्शक डब्याचे झाकण साधारण पाव मिलिमीटर जाड असते, म्हणून तेवढेच लाकूड उतरवा. इथेही व्हर्नियर. ठोकळ्याला पातळ लॅकरचे चार हात देऊन काचेसारखा घोटा, कारण लाकडाचा एकही रेषा तुमच्या काचेवर उमटता कामा नये. झाकण चौकटीत ताणून शेगडीवर दूरून गरम करा आणि ते सैल पडून खाली झुकले की एका दमात ठोकळ्यावर दाबा. पहिली चार-पाच फुकट जातात, त्यासाठी डबे आधीच जमवून ठेवा.

लॅकर पांढरा पडतो तो हवेतल्या ओलाव्याने. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर मी लॅकर फवारत नाही, त्या दिवसांत कोरण्याचे आणि गेजचे काम करतो. तुमचेही वेळापत्रक तसेच बसते. लाकूड आता घ्या, दिवाळीपर्यंत धड आणि पंख होतील, थंडीत रंगाला बसा. सागवानाचे वाळलेले दोन तुकडे माझ्याकडे आहेत, १८० मिलिमीटर लांबीचे, ते तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवतो. गेजचे पत्रे मात्र तुम्ही स्वतः कापा.