बिनधास्त निघायचं म्हणे! मग काळजी कोण करतं?

धंतोलीकरीण
परवा हायवेचा_राजा यांनी "चाबी फिरवा अन् निघा" म्हणून जे ज्ञान दिलं ते वाचलं. म्हणे एकट्याने लांब गाडी घेऊन जायच्या आधी ज्याला आठ-आठ दिवस झोप लागत नाही त्याने घरीच बसावं, याद्या करणं म्हणजे फाजील लाड, आणि ते स्वतः रात्री जेवून उठले ते थेट हैदराबादलाच निघाले. खाली सगळे टाळ्या वाजवून राहिले होते. तिथं दोन ओळी लिहून सोडलं असतं तर मला झोप आली नसती, तशीही ती येत नाहीच आहे, म्हणून इथं सविस्तर.

मी मे संपता संपता नागपूरहून कन्याकुमारीला निघते आहे. एकटी, स्वतःची गाडी. रस्ता शोधायची भानगड नाही, एकच नंबर, ४४. श्रीनगरहून निघतो, आपल्या गावाला लागून जातो आणि खाली कन्याकुमारीला संपतो. हैदराबाद पाचशे किलोमीटर, तिथून बंगळूर पावणेसहाशेच्या आसपास, मग सेलम, मदुराई, तिरुनेलवेली. १ जूनच्या आगेमागे केरळात मान्सून लागतो, तो येताना बघायचाय, इथं कूलरसमोर बसून वाट बघण्यापेक्षा. हौस आहे, बाकी काही नाही.

आता काळज्या. बुटीबोरीच्या ट्रकांची नाही, त्यांची सवय आहे. पांढरकवडा, पाटणबोरी मागे पडून पैनगंगा ओलांडली की माझं मराठी संपतं आणि हिंदी किती चालेल देव जाणे. भर दुपारी ४५ डिग्रीत एसी बंद पडला तर? लॉजच्या दाराची कडी आतून नीट लागते का, काउंटरवरचा माणूस माझा रूम नंबर सगळ्या लॉबीला ऐकू जाईल असा ओरडतो का, पंपावर "अकेले हो मॅडम?" विचारणाऱ्याला काय सांगायचं (मी सांगते मागच्या गाडीत मिस्टर आहेत, मिस्टर तेव्हा नागपुरात कुकरच्या शिट्ट्या मोजत असतात). बाबांचं बीपी. रात्री तीनला हे सगळं एकामागून एक येतं आणि मी उठून मोबाइलमध्ये लिहून ठेवते. त्या लिहिण्यातूनच दाराखाली सारायचा रबरी स्टॉपर आला, पाण्याची पाच लिटरची कॅन आली, घरचे दोन नंबर, ११२ आणि हायवेचा १०३३ कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवले, कारण मोबाइल मेला तर दुसऱ्याच्या फोनवरून लावायला नवऱ्याचासुद्धा नंबर पाठ नाही हे तेव्हाच कळलं. आईने उन्हासाठी कांदे आत्ताच काढून ठेवलेत, ते वेगळंच.

माझं म्हणणं एवढंच आहे की बिनधास्त कोणीच नसतं. जो चाबी फिरवून निघतो त्याच्या वाटची काळजी घरात दुसरं कोणीतरी करत असतं. राजेसाहेब, तुमची बॅग कोणी भरली होती ते जरा सांगा.

हायवेचा_राजा
ताई राग कायले येऊन राह्यला? मी तुमचं नाव घेतलं होतं का? मी त्या पोट्ट्यांबद्दल बोलून राह्यलो होतो जे सहा-सहा महिने व्हिडिओ पाहतात, महागाचं जॅकेट घेतात, हेल्मेटवर कॅमेरा लावतात अन् शेवटी रामटेकला जाऊन समोसे खाऊन परत येतात. गाडी पेट्रोलनं चालते, काळजीनं नाई. माह्या बाबांनी नागपूर-कलकत्ता ट्रक चालवला आयुष्यभर, कोणती यादी होती त्यायच्याजवळ? अन् बॅग बायकोनं भरली. तिले आवडते भरायले.

धंतोलीकरीण
"आवडते." बरं.

वर्धेची_सून
आवडते यावर हसून हसून पुरेवाट 😂 आमच्याकडेही असेच एक बिनधास्त आहेत. रायपूरला निघाले एकटे, "तू टेन्शन नको घेऊ". टोलवर फास्टॅगमध्ये पैसे नाहीत, रोख द्यायचे तर दुप्पट, मागे गाड्यांचे हॉर्न. फोन कोणाला? मला. मी शाळेत पालकसभेत, टेबलाखाली मोबाइल धरून रिचार्ज करून राहिली आणि समोर एक आई विचारते मॅडम माझ्या मुलाचं लक्षच नसतं हो. संध्याकाळी साहेब मित्रांना सांगतात, काही त्रास नाही झाला, मक्खन रोड.

मानेवाड्याचा_बुलेटवाला
तुम्हा कारवाल्यांचं बरं आहे हो. आम्हाला विचारा काळजी काय असते. समृद्धीवर ७०१ किलोमीटर डांबर-सिमेंट ओतलं आणि दुचाकीला बंदी! आम्ही टॅक्स भरत नाही का? मुंबईला जायचं तर अमरावती-अकोला-खामगाव करत ट्रकच्या बाजूने धूळ खात जा. एक्स्प्रेसवेवर बाइक नको म्हणे, सेफ्टी. मग जुन्या रोडवर आम्ही मेलो तर चालतं?

वर्धेची_सून
भाऊ ताई कन्याकुमारीला चालल्या आहेत, मुंबईला नाही.

मानेवाड्याचा_बुलेटवाला
विषय काळजीचा आहे ना? मला ही काळजी आहे.

काटोल_रोडचे_काका
बेटा, कडी-स्टॉपर सगळं ठीक आहे पण टायरचं एक अक्षर लिहिलं नाहीस. मे महिन्यात हवा कमी ठेवायची. ३३ लिहिलं असेल तर २८ भर. सिमेंट रोडवर टायर तापतो, हवा फुगते, जागा नको का तिला? शक्यतो नायट्रोजन भरून घे. आम्ही अँबेसेडरच्या जमान्यापासून असंच करत आलो.

व्हीएनआयटी_बॅकलॉग
काका हात जोडतो, हे कृपा करून कोणाला सांगू नका. हवा कमी असली की टायर रस्त्यावर जास्त दबतो, प्रत्येक फेरीला त्याची भिंत वाकते-सरळ होते, त्या वाकण्यानेच तो आतून तापतो आणि फुटतो. हवा फुगून नाही फुटत. दहा डिग्री वाढली की साधारण दीड पॉइंट वाढतो, म्हणजे ३३ चे ३७-३८ होतील, आणि टायरच्या भिंतीवर मॅक्सिमम ४४ नाहीतर ५१ लिहिलेलं असतं. कंपनीने हे सगळं धरूनच ड्रायव्हरच्या दरवाज्याजवळच्या स्टिकरवर आकडा छापलाय. सकाळी गाडी थंड असताना तेवढीच भरायची, विषय संपला. आणि नायट्रोजन म्हणाल तर साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो.

काटोल_रोडचे_काका
तुझं वय काय रे? तू आत्ता गॅस शिकलास, मी ४७ डिग्रीत चंद्रपूरला गाडी चालवली आहे. माझा एकही टायर फुटला नाही आजपर्यंत.

व्हीएनआयटी_बॅकलॉग
अँबेसेडर साठच्या वर जात होती का काका? प्रश्न स्पीडचा आहे. समृद्धीवर लिमिट १२० आहे आणि २८ हवेवर लोक तासन् तास १२० पळवतात.

काटोल_रोडचे_काका
मोठ्यांशी बोलायची ही पद्धत आहे? पुस्तकं वाचून भैताड झाली पोरं. माझ्या पंक्चरवाल्याला विचार, तीस वर्षं तेच काम करतो तो, तोही २८ च म्हणतो.

व्हीएनआयटी_बॅकलॉग
पंक्चरवाल्याला टायर फुटले तर तोटा आहे का?

वर्धेची_सून
😂😂 काका गेले.

काटोल_रोडचे_काका
कुठे नाही गेलो, इथेच आहे.

पुण्यात_अडकलेला_नागपूरकर
हवा-हवा करून सगळे मेन गोष्ट सोडून राहिले. मी नागपूर-पुणे एकटा करतो, बहुतेक वेळा समृद्धीनेच. मध्यंतरी तिथं एंट्रीलाच आरटीओवाले टायर बघून, घासलेले असले की परत पाठवत होते, चांगलंच होतं ते. पण सिंदखेडराजाजवळ १ जुलै २०२३ ला जी बस जळाली, २५ माणसं गेली, आपल्याच गावातून सुटलेली बस होती, त्यातही ड्रायव्हर आधी टायर फुटला म्हणाला होता आणि आरटीओच्या अहवालात टायर फुटल्याची खूण नाही असं आलं. रात्री दीडच्या सुमाराचा अपघात होता तो. टायरवर ढकललं की बरं पडतं, झोपेवर कोणी बोलत नाही.

मला स्वतःला मेहकरच्या पुढे कधीतरी पहाटे असं झालं आहे की मागचा एक्झिट कधी गेला तेच आठवेना. डोळे उघडे होते, गाणं चालू होतं, एसी फुल. रस्ता इतका सरळ की स्टिअरिंगला काम नाही. १२० ला सेकंदाला ३३ मीटर जाते गाडी. तीन सेकंद डुलकी लागली की शंभर मीटर आंधळे. तेव्हापासून मी रात्री १ ते ६ स्टिअरिंगला हातच लावत नाही, दुपारी जेवल्यावरही वीस मिनिटं सीट मागे करून झोपतो, लोक काच वाजवून विचारतात भाऊ ठीक आहे ना. ताई, तुमच्या यादीत झोप कुठे आहे?

हायवेचा_राजा
आता कसं बोलले! मी तेच म्हणून राह्यलो होतो न बाप्पा, ज्याले झोप लागत नाई त्यानं जाऊच नये. ताईच स्वतः लिहून राह्यल्या का रात्री तीनला जागतात. मग? माझंच खरं झालं की नाई?

धंतोलीकरीण
अहो पण रात्री जेवून हैदराबादला निघालेले कोण होते? वर्धा रोड सोडेपर्यंत अकरा, निर्मलच्या घाटात तीन, अख्खी झोपेची वेळ तुम्ही रस्त्यावर काढलीत आणि ते तुम्ही शौर्य म्हणून लिहिलंत. मी गादीवर जागते, तुम्ही स्टिअरिंगवर. माझं जागणं कोणाला चिरडत नाही.

पुण्याचे दादा, झोप आहे यादीत, लिहायची राहिली. निघायच्या आदल्या दोन रात्री बहिणीकडे हिंगण्याला झोपायला चालले आहे, घरी असले की कपाट आवरत बसते. पहिला मुक्काम हैदराबादच्या अलीकडेच, कामारेड्डीला, दिवस असताना. नवऱ्याने लाइव्ह लोकेशन मागितलं, दिलं, पण अट घातली की ठिपका थांबला म्हणून लगेच फोन करायचा नाही, बाई चहासुद्धा पिते.

हायवेचा_राजा
घाट-बिट सगळा चार लेन आहे आता, तुम्ही उगाच भीती दाखवून राह्यल्या. आपल्याले रात्रीच बरं पडते, ट्रॅफिक नसते, ऊन नसते.

पुण्यात_अडकलेला_नागपूरकर
ट्रॅफिक नसते, बंद पडलेले ट्रक असतात. मागचा लाइट नसलेले.

हायवेचा_राजा
…

वर्धेची_सून
अहो राजे, गेल्या वेळेस रात्री तुम्हाला फोन कोण करत होतं जागं ठेवायला?

हायवेचा_राजा
बायको. दर अर्ध्या तासानं. झोपली नाई ती रातभर. झालं समाधान? बरं, पुढच्या वेळेस पहाटे सहाला निघतो, लिहून घ्या तुमच्या यादीत.

मानेवाड्याचा_बुलेटवाला
सहाला निघा, सातला निघा, तुम्हाला समृद्धी तरी आहे.

व्हीएनआयटी_बॅकलॉग
ताई, एक राहिलं. टायरच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसते म्हणून फसू नका, रबर उन्हात उभ्याउभ्याही कडक होतं. पाच-सहा वर्षं झाली असतील तर या ट्रिपआधी दाखवून घ्या, स्टेपनीचापण आकडा बघा, तिला कोणी विचारत नाही.

धंतोलीकरीण
बघितलं आत्ता पार्किंगमध्ये टॉर्च घेऊन. चारही २०२३ चे. स्टेपनी गाडीबरोबर आलेली, १४१८. सोमवारी बदलते. थँक यू.

हायवेचा_राजा
माह्या गाडीवर ३११६ लिहून आहे. चालते ना?

व्हीएनआयटी_बॅकलॉग
त्यावर तुम्ही रात्री हैदराबादला गेला होता??

हायवेचा_राजा
अन् परत पण आलो.

काटोल_रोडचे_काका
हवा कमी ठेवली असेल म्हणून आलास.